कान नसलेले पोते

ती घटना आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत, कंबरेचा पट्टा आवळला की पुरते. हाच पट्टा मागून धरून एका माणसाने मला भर सोलापूर रस्त्यावर, अंगात खाकी असताना, हजारभर लोकांसमोर आडवा पाडला होता. हजार हा आकडा माझा. सौभाग्यवतींचे मत असे, की मी सांगितलेल्या कुठल्याही आकड्याला दोनाने भागावे, आणि गोष्टीत माझी मिशी आली तर चाराने. कोथरूडच्या बागेत सकाळी भेटणारी आमची मित्रमंडळी भागाकाराच्या भानगडीतही पडत नाहीत, ती सरळ विषय बदलतात. वाचकांनी आपापल्या सोयीने भागून घ्यावे. जिथे कायदा आणि पंचनामा येईल तिथे मात्र मी एक अक्षर वाढवलेले नाही. नावे कोणाचीच देणार नाही. ज्यांची अब्रू जायची होती ती कोर्टात गेली, आणि ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांना आपले नाव वाचायची हौस नाही.

निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. शहराच्या पूर्व टोकाला, सोलापूर रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, बंदोबस्ताची माणसे बाहेर पडली होती, आणि आमचे रायटर हवालदार स्टेशन डायरीत डोके घालून बसले होते. हा गृहस्थ म्हणजे ठाण्याचे वैभव. पंचनामा लिहायला बसला की जागेवरची मुंगीसुद्धा रंग आणि दिशेसह नोंदवायचा. मी त्याच्यावर चिडायचो, की पंचनामा लिहितोस की पुराण. त्याचे फळ पुढे कळेल.

फोन वाजला. लोणी काळभोरच्या अलीकडे रस्त्याकडेला उसाची रसवंती चालवणारा एक जण बोलत होता.

“साहेब, हितं एक टेंपू पलटी झालाय.”

“कोणाला लागलंय?”

“लागलं न्हाई कुणाला. पर डायवर बिघडलाय जणू. एक पेटी पडलीया, तिच्याभवती भाजीची क्रेटं मांडून हुबा हाय. कुणाला जवळ ईऊ देईना. मानसं अंगावर धावून जायला लागलीत, तर ह्यो उलटा त्यांच्याच अंगावर जातुय.”

“पेटीत काय आहे?”

“त्ये आमाला कळलं असतं, तर तुमाला कशाला फोन केला असता?”

मुद्दा बिनतोड होता. नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो: माणूस ज्या पेटीजवळ कोणाला येऊ देत नाही तिच्यात एकतर सोने असते नाहीतर गांजा. जीप निघेपर्यंत मी मनातल्या मनात त्या सोन्याच्या लगडी केल्या होत्या आणि वर्तमानपत्रात माझा फोटो कोणत्या बाजूने चांगला येईल याचा विचार करत होतो.

जागेवर पोचलो. वाहनांची रांग एकीकडे हडपसरपर्यंत आणि दुसरीकडे, माझ्या अंदाजाने, सोलापूरच्या वेशीपर्यंत. टेम्पोचा मागचा टायर फुटून तो कडेच्या चारीत कलंडला होता. रिकामे क्रेट रस्ताभर सांडले होते. त्यातलेच वीसेक क्रेट गोल मांडून एक पन्नाशीचा माणूस मध्ये उभा. पांढरी होत चाललेली दाढी, कोपर सोललेले, हातात क्रेटची तुटकी पट्टी. रिंगणाच्या मधोमध एक पोते आडवे पडले होते आणि त्याच्या फाटक्या बाजूतून लोखंडी पेटीचा कोपरा दिसत होता.

भवानी पेठेत तीन-चार पिढ्या राहिलेल्या घरातला हा माणूस. वडील मार्केट यार्डात हातगाडी ओढायचे, हा टेम्पो चालवायचा. पहाटे शेतांवरून भाजी भरायची, यार्डात उतरवायची आणि रिकामे क्रेट घेऊन परत फिरायचे. परतीची गाडी मोकळी नेऊ नये म्हणून वाटेवरचे जे सामान मिळेल ते टाकायचे, हा यार्डातल्या सगळ्याच टेम्पोवाल्यांचा रिवाज. अख्खे यार्ड त्याला चाचा म्हणायचे. मीही चाचाच म्हणतो.

“साहेब, तिथंच थांबा,” तो म्हणाला.

तिथेच थांबा हे वाक्य पोलिसाला म्हणायची सवय असते, ऐकायची नसते. मी क्रेट ओलांडला, पोत्यापाशी गेलो, त्या पेटीवर बूट ठेवला, एक हात कमरेवर घेतला आणि दुसरा मिशीकडे न्यायला निघालो. तो हात मिशीपर्यंत पोचला नाही. मागून पट्टा धरून चाचाने असा हिसका दिला, की मी क्रेटांवर, टोपी रसवंतीच्या दारात, आणि हजारभर लोकांचे हसणे माझ्या कानात.

“पोलिसाला हात लावतोस?”

“लावला, साहेब. नंतर काय करायचं ते करा. आधी लांब व्हा.” त्याने हातातल्या पट्टीने पेटीकडे दाखवले. “ते चित्र बघा पेटीवरचं.”

पोत्याच्या फाटक्या भागातून पिवळा कागद दिसत होता. त्यावर तीन काळ्या पाकळ्या, पंख्याच्या पात्यांसारख्या.

“माझ्या आईला कॅन्सर झाला होता. महिनाभर तिला शेक द्यायला नेत होतो. त्या खोलीच्या जाड दारावर हेच चित्र. दार लागायच्या आधी सगळे बाहेर, डॉक्टरसुद्धा. मी विचारलं तर म्हणाले, दिसत नाही, वास येत नाही, पण आत थांबायचं नाही.”

“मग आई?”

“ती खणखणीत आहे. रोज माझ्या बायकोशी भांडते.”

त्यानंतर मी ज्या वेगाने मागे आलो, तो वेग पोलीस क्रीडा स्पर्धांत अजून नोंदला गेलेला नाही. मात्र डोके ठिकाणावर होते. नियंत्रण कक्षाला कळवले, गर्दी लांब हटवली, वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवली, अग्निशामक दलाला बोलावले. किरणोत्सर्गी सामानावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या एक मॅडम मुंबईहून निघाल्या. तोवर तीन तास मी दुर्बिणीतून पेटीकडे आणि अधूनमधून स्वतःच्या बुटाकडे पाहत होतो. बूट चमकतो आहे असे मला दोनदा वाटले.

मॅडम आल्या. शांत चेहऱ्याच्या, साध्या चपला घातलेल्या. यंत्र हातात धरून त्या पेटीभोवती फिरल्या, कुलूप पाहिले आणि म्हणाल्या, “शाबूत आहे. आतला स्रोत जागेवर आहे, बाहेर काही नाही.”

त्यांनी समजावले ते असे. मोठ्या पाइपांचे वेल्डिंग आतून पक्के आहे की नाही हे पाहायला क्ष-किरणांसारखे किरण वापरतात. ते देणारा बोटाच्या पेराएवढा तुकडा या पेटीत, जड धातूच्या कवचात बंद असतो. बंद असेपर्यंत पेटी निरुपद्रवी. कोणी कुलूप फोडून तो तुकडा खिशात टाकला, की संपले.

“म्हणजे मी पाय ठेवला तरी काही झालं नसतं?” मी विचारले.

“नाही.”

“मग याने मला उगाचच पाडलं.”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “पेटी शाबूत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, साहेब. तुम्हालाही नव्हतं. पेटी फुटली असेल असं समजून ते तुमच्याजवळ आले.”

हे वाक्य मी ऐकले, पण त्या दिवशी ते आत उतरले नाही. टोपीला उसाचा रस लागला होता ना.

तेवढ्यात कंपनीचे मॅनेजर आले. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला कंपनीचे गोडाऊन, आणि लोणीच्या पुढे पाइपलाइनचे काम चालू. विजारीची इस्त्री अशी कडक, की तिच्यावर सफरचंद कापावे. त्यांनी एका दमात सगळे सांगितले. पेटी चिन्ह दिसेल अशी, पोत्याशिवाय दिली होती. अपघात झाला तर काय करावे, कोणाला फोन करावा, याचे छापील कार्ड चालकाला दिले होते, ते त्याने गोडाऊनच्या माणसांसमोर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. रस्त्यात पोलिसांनी अडवू नये म्हणून त्यानेच पेटीवर पोते चढवून शिवले असणार. “आणि तो चिन्ह ओळखतो, साहेब. त्यालाच विचारा. म्हणजे काय नेतोय हे माहीत असून त्याने लपवलं. अपघात टेम्पोचा, जबाबदारी टेम्पोची.”

“टायर टेम्पोचा,” मॅडम म्हणाल्या. “पेटी कोणाची?”

मग त्यांनी मला बाजूला घेऊन कायदा सांगितला, आणि तो मी आजही विसरलेलो नाही. असले सामान पाठवताना पहिली जबाबदारी पाठवणाऱ्याची. पेटी योग्य, चिन्ह उघडे, गाडीला पाटी, चालकाला लेखी सूचना आणि तसे शिकवलेला माणूस, एवढे त्याने करायचे. ते करून चालकाने लपवाछपवी केली तर चालक अडकतो. ते न करताच दिले असेल, तर चालक हा बिचारा फक्त चाके आहे. “म्हणजे सगळं एकाच प्रश्नावर आलं,” त्या म्हणाल्या. “पोतं कोणी शिवलं?”

चाचाच्या केबिनमध्ये दाभण सापडली. सुतळीचा गुंडाही सापडला. चिन्ह ओळखतो हे तर तो हजार लोकांसमोर ओरडून सांगत होता. मी गुन्हा दाखल केला, लोकांचा जीव धोक्यात घालणारा निष्काळजीपणा. आरोपी क्रमांक एक, टेम्पोचालक. वर स्टेशन डायरीत माझ्या हाताने नोंद केली, की सदर इसमाने अंगाला झोंबून सरकारी कामात अडथळा आणला. चाचाला अटक झाली. दुसऱ्या दिवशी कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली. गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंग होता, लायसन जाणार होते, आणि टेम्पोशिवाय दुसरे काही त्याला येत नव्हते.

मी त्याला समोर बसवले.

“खरं सांग. पोतं तू शिवलंस?”

“नाही, साहेब. शिवलेलंच टाकलं त्यांनी गाडीत. मशीन आहे, जपून ने, एवढंच म्हणाले.”

“मग दाभण कशाला?”

“भाजीवाल्याच्या गाडीत दाभण नसेल तर काय सरकारी कचेरीत असेल? रोज दोन पोती फाटतात.”

“चिन्ह ओळखलं नसतंस तर आज घरी असतास, हे कळतंय का तुला?”

त्याने माझ्या बुटाकडे पाहिले. “कळतंय, साहेब. पण मग तुमचा पाय त्या पेटीवरच राहिला असता.”

मी चहा मागवला. दोन कप आणा म्हणालो, हे माझ्या लक्षात नंतर आले. आरोपीला चहा देण्यात काही गैर नाही, पण मी सहसा आधी जबाब घेतो, मग चहा.

रायटर हवालदार कोपऱ्यातून म्हणाला, “साहेब, लपवायचं असतं तर त्याने क्रेट मांडले असते का? पळून गेला असता.”

“कोर्ट क्रेटांवर चालत नाही, पुराव्यावर चालतं,” मी म्हणालो.

“पुरावा म्हणाल तर कप्प्यात कार्ड नव्हतं.” त्याने पंचनामा उघडून वाचायला सुरुवात केली. “डॅशबोर्डचा कप्पा, बंद स्थितीत. आत एक कंगवा, तीन दात तुटलेले. अर्धे पिळलेले लिंबू, एक. आईच्या औषधाची चिठ्ठी, एक. बडीशेपेची पुडी, मुंग्यांसह. बाकी काही नाही.”

ज्या पुराणावर मी वर्षानुवर्षे चिडलो, तेच आता माझ्या तोंडावर आले होते. तरी मी हटलो नाही. मॅनेजर म्हणतील अपघातात उडाले, कप्पा नंतर बंद केला. माणूस एकदा चुकीच्या बाजूला बसला की खुर्ची सहसा सोडत नाही.

पोते मॅडमनी तपासून स्वच्छ असल्याचे लिहून दिले होते. मुद्देमालातून ते काढल्याची रीतसर नोंद केली, आणि दोन पंच बरोबर घेऊन मी मार्केट यार्डात गेलो. हेतू काय होता ते प्रामाणिकपणे सांगतो. चाचाला हे पोते यार्डात कोणी शिवून दिले का, किंवा टाका त्याचाच आहे का, हे शोधून मला त्याचाच फास पक्का करायचा होता.

कांद्याच्या गाळ्यांमागे बारदान शिवणाऱ्या बायका बसतात. फाटकी पोती घ्यायची, ठिगळ लावायचे, टाके घालायचे आणि परत द्यायची, हेच काम. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी. मी म्हणतो त्यांनी पुण्यापासून दिल्लीपर्यंत अंथरता येतील एवढी पोती शिवली असतील. सौभाग्यवतींच्या हिशेबाने दिल्ली नाही तर निदान भोपाळ.

“मावशी, हा टाका कुणाचा ते सांगता का?”

“चोर संपले व्हय? आता टाके धराया लागले पोलीस.” पण पोते त्यांनी मांडीवर घेतले. तोंडाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत. “ह्ये यार्डातलं न्हाई.”

“चाचाचा टाका नाही?”

“त्याला मीच शिकवलाय दाभण धराया. त्यो असं शिवंल तर मी त्याच्या पाठीत घालीन. अवो, कान कुठायत हेचे?”

“कसले कान?”

मावशींनी आजूबाजूच्या बायकांकडे असे पाहिले, की शिकलेल्या माणसांची कीव करायचा त्यांचा रोजचाच प्रसंग असावा. शेजारचे भरले पोते ओढून त्यांनी दाखवले. तोंड शिवताना दोन्ही कोपऱ्यांवर मूठभर बारदान गोळा करून सुतळीने आवळतात. दोन बाजूंना दोन कान उभे राहतात. हमाल तेच धरून पोते उचलतो. कान नसतील तर नखे सोलतात, पोते निसटते, पायावर पडते. यार्डातला कोणीही, झोपेत शिवले तरी, कान ठेवतो.

“ज्याला पोतं उचलायचं असतं त्यो कान ठेवतो,” त्या म्हणाल्या. “ह्ये शिवनाऱ्यानं जन्मात पोतं उचललं न्हाई. दुसऱ्याला उचलाया लावलंय.”

चौतीस वर्षांत मी बरेच कायदेपंडित ऐकले. जबाबदारीची याहून नेमकी व्याख्या कोणाकडून ऐकली नाही. मी त्या कांद्याच्या सालींमध्ये उभा होतो, आणि इतका खाली गेलो होतो, की मावशी बसल्या होत्या तरी मला वर बघावे लागत होते.

ठाण्यात आल्यावर कंपनीच्या स्टोअरकीपरला बोलावले. पस्तिशीचा, नाकासमोर चालणारा, घाबरट माणूस. असे लोक चौकशीत दोन तऱ्हेने वागतात. दरडावले की पाठ केलेले बोलतात, आणि कामाला लावले की विसरतात. वाचकांना वाटत असेल की माझ्या एका गर्जनेने पंखा थांबला. तो थांबला होता, पण वीज गेली म्हणून. मी फक्त म्हणालो, “बसा. जबाब नंतर घेऊ. जरा हात लावता का? आमच्या रायटरच्या बोटाला लागलंय आणि हा मुद्देमाल बांधायचा राहिलाय.”

रायटरने लगेच बोटाला फडके गुंडाळले. बोट चुकीचे होते, आधी उजव्या हाताचे दाखवले होते आणि मग डाव्या, पण स्टोअरकीपरचे तिकडे लक्ष नव्हते. त्याने दाभण घेतली आणि एका रिकाम्या खोक्यावर चढवलेले पोते शिवून दिले. टाके लांब, सुतळी दुहेरी, शेवटी पार्सलला मारतात तशी गाठ. कोपरे सपाट.

मग लॉकअपमधून चाचाला आणले. त्यालाही तसेच पोते दिले. त्याने सवयीने कोपरा मुठीत घेतला, आवळला, शिवत गेला, आणि दुसरा कोपरा आवळून दाभण खाली ठेवली. कोणी सांगितले नव्हते. हेच पुढे दोन्ही पंचांसमोर रीतसर करून घेतले आणि तिन्ही पोत्यांचा पंचनामा झाला. यावेळी मी रायटरला आवर म्हणालो नाही. साडेचार पाने झाली.

पेटीवरचे, स्टोअरकीपरचे आणि चाचाचे, अशी तिन्ही पोती टेबलावर ठेवली. मी स्टोअरकीपरला विचारले, “तुमच्या दोन्ही पोत्यांना कान का नाहीत?”

तो गोंधळून पोत्यांकडे पाहत राहिला. “साहेब, कान म्हणजे?”

दोन्ही पोत्यांना ‘तुमच्या’ म्हटलेले त्याने नाकारले नव्हते. ते त्याच्या लक्षात आले तेव्हा त्याने खाली बघितले आणि रडायला लागला. कंपनीची पाटीवाली गाडी दुसऱ्या कामावर अडकली होती. पेटी त्याच दिवशी साइटवर हवी होती. सकाळी दोन टेम्पोवाल्यांनी पिवळे चित्र पाहून नकार दिला. मॅनेजर म्हणाले, बारदानात घाल, मशीन म्हणून सांग, परतीच्या गाडीत टाक. त्याने घातली. अपघाताच्या सूचनांचे कार्ड दिले का, विचारले, तर म्हणाला, “दिलं असतं तर त्याला कळलं नसतं का, साहेब?” कार्ड गोडाऊनच्या टेबलाच्या खणात होते. पंचांसमोर जप्त केले. चालकाच्या सहीची जागा कोरी.

दुसऱ्या दिवशी कोर्टात अहवाल देऊन आरोपी क्रमांक एक कमी केला. चालक फिर्यादी पक्षाचा मुख्य साक्षीदार झाला. टायर अचानक फुटल्याचे वाहन निरीक्षकांनी लिहून दिले, त्यामुळे बेदरकार चालवल्याचाही प्रश्न उरला नाही. मॅनेजरांच्या वकिलांनी पुढे फार सुंदर भाषण केले, की अपघात रस्त्यावर झाला, तेव्हा पेटी कंपनीच्या ताब्यात नव्हती. न्यायाधीशांनी एवढेच विचारले, की ज्याला ताबा दिला त्याला ताब्यात काय आहे हे सांगितले होते का. ते भाषण तिथेच बसले, आणि मॅनेजर दोषी ठरले. त्याआधीच मॅडमच्या कार्यालयाने कंपनीचा परवाना थांबवला होता.

सुटकेच्या दिवशी मी स्टेशन डायरी काढली. तिच्यात खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद खोडता येत नाही, पान फाडता येत नाही. तिच्याखाली खरी नोंद करायची, एवढाच मार्ग असतो. अडथळ्याच्या नोंदीखाली मी लिहिले, की सदर इसमाने अधिकाऱ्याचा जीव धोक्यात आहे असे समजून, स्वतः धोक्यात येऊन, त्याला बाजूला ओढले, व अधिकाऱ्याने त्यास दोन दिवस कोठडीत ठेवले. खाली सही केली.

“वाचून दाखवू का?” मी विचारले.

“नको, साहेब. माझा कोपर अजून दुखतोय, तेवढं एक मलम असलं तर द्या.”

मलम मी स्वतः आणले. त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करू लागलो. तोवर एकेरीत होतो, म्हणून वरही एकेरीच लिहिले. खोटे कशाला लिहायचे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे बागेतली मंडळी विचारत नाहीत, तरी सांगतो. ज्या गोष्टीमुळे माणूस लोकांना वाचवतो, तीच गोष्ट त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी करता येते, आणि ती उभी करायला माझ्यासारखा घाईतला अधिकारी पुरतो. चाचांनी चिन्ह ओळखले नसते तर ते निर्दोष असते आणि त्या पेटीवर गर्दी बसली असती, कोणीतरी कुलूपही फोडले असते. दुसरे असे, की अपघात झाला की सगळे चाकाशी उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवतात, कारण तो समोर दिसतो. खणात कार्ड ठेवून बसलेला दिसत नाही. त्याला शोधायला मावशींचा अंगठा लागतो, मुंग्या मोजणारा हवालदार लागतो, आणि ‘पेटी कोणाची’ असे विचारणारी एक बाई लागते. नोकरीत मी बरेच जण पकडले, त्यांची मला आठवण नाही. मला वेळेवर पकडून मागे ओढणारी ही चार माणसे मात्र मी रोज आठवतो.

निवृत्तीनंतर पोलीस वसाहतीतले सामान कोथरूडला हलवायचे होते. टेम्पो चाचांचाच. सगळे चढवून झाले, आणि एक पोते उरले. माझी जुनी पुस्तके, कागद, मानचिन्हे. ते मी स्वतः शिवले होते.

चाचांनी कोपऱ्यांकडे पाहिले. “कोणी शिवलं?”

“मी.”

“कान वाकडे आहेत.”

“उचलता येईल ना?”

“एकट्याला नाही येणार.” ते एका बाजूला वाकले. “एक तुम्ही धरा, एक मी.”

नव्या घरी लिफ्ट बंद होती. ते पोते आम्ही दोघांनी पाच मजले चढवले. सौभाग्यवती म्हणतात मजला दुसराच होता. असेल. मजल्यांना खुशाल भागा. कान दोनच होते, आणि त्यातला एक माझ्या मुठीत होता.